वाडीवरच्या शाळेतील दिवाळीचे उपक्रम : एका पालकाचा अभिप्राय

भोर तालुक्यातील आमच्या वाडीवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा आहे. प्रथम सत्राची परीक्षा संपल्यापासून दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत तेथे दुपारच्या वेळात किल्ला, आकाशकंदील, उटणे आणि पणत्या रंगवणे असे उपक्रम घेतले जातात आणि त्यासाठी प्रत्येक मुलामागे 50 रुपये वर्गणी घेतली जाते. हेच दिवस भातकापणीचे असतात. घरातील कर्ती माणसे दिवसभर खाचरात असताना मुले शाळेत राहतात, ही सोय लहान नाही. परंतु बहुतेक पालक या उपक्रमांकडे तेवढ्याच दृष्टीने पाहतात, ते मला पटत नाही.

सर्वांत सरस उपक्रम म्हणजे किल्ला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतील 11 महाराष्ट्रातील आणि एक तामिळनाडूतील जिंजी. साहजिकच यंदा जिकडेतिकडे रायगड आणि प्रतापगड उभे राहिले. आमच्या गुरुजींनी मात्र त्या यादीत नसलेला रोहिडा निवडला आणि हा निर्णय मला फार आवडला. रोहिडा आमच्याच तालुक्यातला, मुलांनी पाहिलेला. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या 23 किल्ल्यांमध्ये तो होता, हे चौथीच्या मुलांना एरवी पाठ करावे लागले असते. येथे तह कशासाठी झाला, हे विचारल्याशिवाय त्यांना किल्ल्यावर निशाण कोणाचे लावायचे तेच ठरवता येईना. बाजारवाडीकडून चढताना लागणारे तीन दरवाजे, शिखरावरचे रोहिडमल्लाचे देऊळ आणि शिरवले, पाटणे, दामगुडे, वाघजाई, फत्ते व सदर हे बुरूज, एवढे सगळे त्या ढिगाऱ्यात बसवण्यात आले होते. यांतील काही नावे या भागातील आडनावेच असल्याने ‘आमचा बुरूज मीच बांधणार’ यावरून दोघांची जुंपली, तीही पाहण्यासारखी होती.

बांधकामाची पद्धत जुनीच होती. खाली दगड आणि विटांचे तुकडे रचून त्यावर भिजवलेले गोणपाट पसरले, गोणपाटावर चिखलाचा पातळ राडा हाताने थापला, तो जरा आवळून आल्यावर चाळलेली तांबडी माती भुरभुरली आणि शेवटी हळीव टाकले. हळीव तीन-चार दिवसांत हिरवे होतात. पण राडा फार ओला असेल, तर बी घसरून पायथ्याला गोळा होते आणि डोंगर बोडका राहतो. उत्तरेकडच्या कड्याचे नेमके हेच झाले. गुरुजींनी तो दुरुस्त केला नाही, मुलांनाच करू दिला. दुसऱ्या खेपेला मुलांनी बी आधी पाण्यात भिजवून चिकट केले आणि मग बोटांनी लावले. ही युक्ती त्यांना कोणी सांगितली नव्हती.

येथेच माझी पहिली तक्रार आहे. माती मुलांच्या हाती आणि रांगोळी मुलींच्या हाती, अशी वाटणी कोणी ठरवून केली नसली, तरी झाली खरी. मुलींना शेवटी मावळे मांडायला बोलावण्यात आले. ज्या घरांत मुली चिखलणीपासून लावणीपर्यंत सगळे करतात, तेथील शाळेत त्यांना चिखलापासून दूर ठेवण्यात काय अर्थ आहे? शिवाय पहिलीच्या मुलांना करण्यासारखे फारसे काहीच नव्हते.

आकाशकंदिलाचा उपक्रम सर्वांत फिका ठरला. वर्गणीतील मोठा भाग बाहेरून मागवलेल्या तयार संचांवर खर्च झाला. त्यांत आधीच कापलेला पुठ्ठा, छापील नक्षी आणि चिकटपट्टी होती. घड्या घालून दहा मिनिटांत कंदील तयार आणि सगळे एकसारखे. काही संचांत तर झिरमिळ्याच नव्हत्या. वाडीच्या मागे बांबूचे बेट आहे, कामट्या तासून देणारे आजोबा घरोघरी आहेत, कणकेची खळ कोणीही शिजवून देईल. मग विकत घ्यायचा तो पतंगी कागद तेवढा. कामट्यांचा षट्कोन सुतळीने बांधताना कोन चुकला, तर कंदील तिरपा लटकतो आणि मुलाला तो सोडून पुन्हा बांधावा लागतो. खरे शिक्षण त्यात होते. या संचांचा पैसा वाया गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

उटण्याचे साहित्यही विकतचेच होते, तरी तो उपक्रम चांगला झाला. मुलतानी माती, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा यांच्या पुड्या भोरच्या बाजारातून आणल्या होत्या. मुलांनी त्या तराजूत तोलल्या, कापडाने गाळल्या, पाकिटे भरली आणि खर्च मांडून किंमत ठरवली. तिसरीतील एका मुलीने पाकिटाच्या कागदाचे पैसे धरायचे राहिले, हे दाखवून दिले, तेव्हा फळ्यावरचा हिशोब पुसून पुन्हा करावा लागला. वास मात्र जरा उग्र होता. नागरमोथा अंमळ कमी चालला असता.

आणखी एक गोष्ट लिहिणे आवश्यक वाटते. प्रत्येक टप्प्यावर फोटोसाठी काम थांबवले जात होते. फोटो वर पाठवावे लागतात, हा शिक्षकांचा दोष नव्हे, हे मी जाणतो. दोनच शिक्षक, चार वर्ग आणि वर कागदपत्रांचा रगाडा. तरीही चिखलात रंगलेल्या मुलांना हात धुऊन ओळीत उभे राहायला लावले की रंगाचा बेरंग होतो. फोटो शेवटी एकदाच काढला तरी भागेल.

शेजारच्या वाड्यांतील आणि दिवाळीला पुण्या-मुंबईहून आधीच आलेल्या घरांतील मुलांनाही गुरुजी आनंदाने बसवून घेतात. वर्गणी तेवढीच घेतात. मुलांना जुने कपडे घालून पाठवावे आणि घरात असेल तर एखादे गोणपाट सोबत द्यावे, कारण त्याचा तुटवडा पडतो. लांबून येणाऱ्यांनी परतीची व्यवस्था आधी ठरवावी. उपक्रम संपतात त्या सुमारास एसटी नसते आणि कापणीच्या दिवसांत गावात रिकामी दुचाकी मिळणे कठीण असते.