मागच्या चाकाचा एक्सल : स्वस्त गिअरची सायकल वीस महिने वापरल्यानंतर

जुलै 2025 मधील एका बुधवारी, डाकेची थैली कॅरियरला बांधून यवतमाळ जिल्ह्याच्या मारेगाव तालुक्यातील एका पांदणीतून परत येत असताना माझ्या सायकलच्या मागच्या चाकातून कट्‌कन आवाज आला आणि चाक एका अंगाला कलून फ्रेमला घासू लागले. उतरून पाहण्याची गरज नव्हती. मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे चाक ज्या मधल्या दांड्यावर फिरते तो, तुटला होता आणि तेरा महिन्यांतला तो चौथा होता. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये तिची वीट तयार होते. त्यामुळे सायकल ढकलताही येईना आणि सुमारे सतरा किलोचे ते ओझे खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंतचे चार किलोमीटर मी पायी कापले. ही स्वस्त सायकल सुधारून घ्यावी की विकून चांगली घ्यावी, हा विचार मी त्या चार किलोमीटरांत केला. त्या दिवशीचे माझे उत्तर आज मला मान्य नाही.

सायकल जून 2024 मध्ये वणी येथे 9,400 रुपयांना घेतली. बाजारात या किमतीला मिळणारी सायकल वाचकांना ठाऊक आहेच : लोखंडी फ्रेम, 26 इंची चाके, 21 गिअर, पुढच्या चिमट्याला नावापुरते सस्पेन्शन. मी ग्रामीण डाक सेवक आहे, आठवड्यातून सहा दिवस रोज सुमारे 22 किलोमीटर सायकल चालवतो, म्हणजे महिन्याला साडेपाचशे किलोमीटर होतात. माझे वजन 84 किलो आहे आणि थैलीचे सात-आठ किलो वेगळे. मोटारसायकल का घेत नाही, असे विचारणाऱ्यांना मी पेट्रोलचा भाव सांगतो आणि विषय संपवतो.

पहिला एक्सल ऑक्टोबर 2024 मध्ये वाकला. छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, आणि त्यांना जागेवर धरणारे कोन यांच्यासह मिस्त्रीने 180 रुपये घेतले. दुसरा जानेवारीत तुटला. तेव्हा 'मजबूत' म्हणून घातलेल्या एक्सलचे 220 रुपये झाले. तो मजबूत एक्सल एप्रिलमध्ये वाकला. या वेळी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा, काढण्याचा खाच असलेला पाना मिस्त्रीकडे नव्हता, म्हणून त्याने छिन्नी लावून हातोडीने ठोकले आणि फ्रीव्हीलच निकामी झाले, तेव्हा नव्या फ्रीव्हीलचे 520 आणि एक्सलचे 180, असे 700 रुपये एका दमात गेले. जुलैच्या प्रसंगानंतर पुन्हा 180. एकूण 1,280 रुपये. प्रत्येक खर्च लहान असल्यामुळे तो आपण सायकलवर करत आहोत असे वाटतच नाही, चहापाण्यावर केल्यासारखा तो विसरला जातो. मी डायरीत लिहून ठेवत होतो म्हणून बेरीज तरी कळली.

दुसऱ्या एक्सलनंतर मी विकणाऱ्या दुकानात गेलो होतो. वॉरंटी फ्रेमची आहे, एक्सल हा झिजणारा भाग आहे, असे उत्तर मिळाले. झिजणे आणि मधोमध दोन तुकडे होणे यांत फरक आहे, असे मी म्हणालो, तेव्हा ही सायकल ओझे वाहण्यासाठी नसते, तुम्ही कॅरियर लावले म्हणून असे झाले, असा नवा मुद्दा निघाला. तो कॅरियर त्याच दुकानाने विकला होता, त्याच दुकानाने बसवला होता आणि त्याच बिलावर लिहिला होता. मी बिल दाखवले. मालकांनी बिल पाहिले, घडी घालून परत दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यानंतर मी त्या दुकानाची पायरी चढलेलो नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या वडिलांची बावीस इंची काळी सायकल तीस वर्षे चालली. तिच्यावर कापसाचे गाठोडे, ढेपेचे पोते आणि प्रसंगी आम्ही दोघे भाऊ बसलो, पण तिचा एक्सल एकदाही तुटल्याचे घरात कोणाला आठवत नाही. मग गिअरच्या सायकलचाच का तुटतो? याचे उत्तर मला चौथ्या खेपेला मिस्त्रीने एका वाक्यात दिले : "एक्सल काय करंल जी, छर्रा कुठं अन्‌ फ्रेम कुठं!"

त्याने चाक उभे धरून दाखवले. वडिलांच्या सायकलला एकच दात्यांची चकती होती. ती अरुंद असल्याने चाकाच्या आतले छर्रे आणि फ्रेम यांमध्ये एक्सलचा जेमतेम तुकडा उघडा राहत असे. माझ्या सायकलला सात चकत्यांचे फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्याने बसवलेले आहे. ते सगळे हबच्या बाहेरच्या अंगाला येते, छर्रे मात्र आत हबमध्येच राहतात, आणि त्यामुळे उजव्या बाजूला बोटाच्या दोन पेरांएवढा एक्सल कोणत्याही आधाराशिवाय लोंबकळत राहतो. मी, थैली आणि पांदणीतला प्रत्येक खड्डा, एवढे सगळे त्या दोन पेरांवर येते. कॅसेट म्हणजे आट्याने न बसवता हबच्या खाचांवर सरकवून बसवायचा चकत्यांचा संच; तिच्या हबमध्ये मात्र चकत्या ज्या भागावर बसतात त्याच्याच बाहेरच्या टोकाला छर्रे असतात, म्हणजे एक्सलला आधार अगदी फ्रेमच्या जवळ मिळतो. शिमानो या जपानी कंपनीने फ्रीहब नावाची ही रचना 1978 मध्येच आणली होती. तरीही 2024 मध्ये मला सात चकत्यांचे आट्याचे फ्रीव्हील विकले गेले आणि जाहिरातीत '21 गिअर' हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत होते. गिअर किती आहेत हे सगळे विचारतात, पण छर्रे कुठे बसले आहेत हे मी स्वतःदेखील विचारले नव्हते.

हे कळूनही जुलैमध्ये माझे मत चांगली सायकल घेण्याकडेच झुकले होते. नागपूरला नोकरीस असलेल्या मेहुण्याकडे 26,000 रुपयांची सायकल होती. पावसामुळे ती घरातच पडून होती, म्हणून त्याने ती तीन आठवडे मला वापरायला दिली. पहिल्या आठवड्यात मी पूर्ण भाळलो. गिअर बोटाच्या हलक्या दाबाने बदलत आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक ओल्या उतारावरही लागत. माझ्या सायकलचे रबरी ब्रेक चिखल लागला की रिमवर नुसते किसत राहतात. डिस्क ब्रेक हा शहरी थाट आहे असे मी अनेकांना सांगत आलो होतो, ते मत मी येथे मागे घेतो.

दुसऱ्या आठवड्यात मात्र पऱ्हाटीच्या खुंटाने 29 इंची टायर बाजूने फाडला आणि त्या मापाचा टायर वणीच्या चार दुकानांत मिळाला नाही. तो पार्सलने येईपर्यंत सहा दिवस सायकल भिंतीला टेकून होती आणि डाक मी शेजाऱ्याच्या गाडीवर बसून वाटली. शिवाय डिस्क दाबून धरणारा कॅलिपर आडवा येत असल्याने माझा कॅरियर तिला बसेना, त्यामुळे थैली पाठीवर घ्यावी लागे. ब्रेकचे तेल बदलायची वेळ आली तर आमच्या तालुक्यात कोणाकडे जायचे, हे मिस्त्रीलाही सांगता आले नाही. सायकल उत्तमच होती, पण तिची बिघडण्याची सोय नागपूरला होती आणि मी मारेगावकडे होतो.

म्हणून ऑगस्टमध्ये मी फक्त मागचे चाक बदलण्याचे ठरवले. मापाची एक अडचण येथे नमूद करतो, कारण त्यात माझे पैसे जाता जाता वाचले. आपल्याकडे लेडीज सायकलचे चाकही '26 इंची' म्हणून विकले जाते, पण त्या रिमचे माप 590 मिलिमीटर असते आणि माउंटन बाइकच्या रिमचे 559. आकडा एकच असला तरी एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. आपल्या टायरच्या बाजूवर 54-559 असे काही कोरलेले असते. चाक मागवताना तोच शेवटचा आकडा सांगावा. कॅसेट हबचे चाक 2,600 रुपयांना, सात चकत्यांची कॅसेट 850 रुपयांना आणि चेन 450 रुपयांना आली. हब आठ-नऊ चकत्यांसाठीचा असल्याने सात चकत्यांमागे साडेचार मिलिमीटरची रिंग घालावी लागते. ती चाकासोबत आली होती, त्यामुळे जुना गिअर शिफ्टर तसाच चालला आणि नवीन घ्यावा लागला नाही. मिस्त्रीचे 200 धरून 4,100 रुपये झाले. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. महिनाभर थांबलो असतो तर सुमारे 240 रुपये वाचले असते, ही गोष्ट मला अजून अधूनमधून बोचते.

चाक बसवतानाच माझ्या संशयाला एक धक्का बसला. मिस्त्रीने चाक काढून फ्रेमच्या दोन्ही मागच्या खाचांत दोन लांब बोल्ट आवळले. खाचा समांतर असतील तर बोल्टची टोके समोरासमोर यायला हवीत. ती बोटभर चुकली होती. म्हणजे फ्रेमच्या खाचा कारखान्यातूनच वाकड्या होत्या, नट आवळताच एक्सलला बाक बसत होता आणि माझ्या चारही एक्सलच्या मृत्यूत फ्रीव्हीलसोबत फ्रेमचाही वाटा होता. वॉरंटी ज्या फ्रेमची होती, दोष तिच्यात होता! दुकानाची पायरी पुन्हा चढण्याचा मोह मी आवरला. मिस्त्रीने बोल्टलाच पाईप अडकवून दोन्ही खाचा हळूहळू सरळ केल्या. फ्रेम लोखंडी होती म्हणून हे करता आले. ॲल्युमिनियमची असती तर वाकवताना तडकण्याच्या भीतीने त्याने तिला हात लावला नसता. स्वस्त लोखंडाबद्दल मी जे काही बोललो असेन, त्यातले निम्मे मला त्या अर्ध्या तासात गिळावे लागले.

त्यानंतर साडेपाच महिन्यांत सुमारे 3,000 किलोमीटर झाले. डिसेंबरमध्ये मुद्दाम हब उघडून एक्सल बाहेर काढला आणि खिडकीच्या काचेवर लोळवून पाहिला. कुठेही न उचलता तो सरळ गेला. ग्रीस थोडे काळवंडले होते, ते बदलले. बाकीची सायकल आहे तशीच आहे. पुढच्या चिमट्यात खेळ आला आहे, तो मी सुधारणार नाही, कारण त्या सस्पेन्शनने कधी काही झेललेच नव्हते. काट्यांसाठी जुनी ट्यूब चिरून टायरच्या आत घातली आहे. बाभळीचा काटा तिला भेदतो, सराटा मात्र सहसा भेदत नाही.

आता हिशेब. सायकल 9,400, एक्सलची दुरुस्ती 1,280, चाक आणि मजुरी 4,100; एकूण 14,780 रुपये. मेहुण्याच्या सायकलीपेक्षा 11,220 रुपये कमी, म्हणजे मध्यम धाग्याच्या कापसाच्या 2025-26 च्या हंगामातील 7,710 रुपये हमीभावाने दीड क्विंटलच्या जवळपास कापूस. एवढ्यावर मी खुश होतो. परंतु गेल्या महिन्यात भाच्यासाठी सायकल पाहायला गेलो, तेव्हा कारखान्यातूनच कॅसेट हब असलेली सायकल 15,500 रुपयांना मिळत होती आणि तिचे गिअर व ब्रेक माझ्यापेक्षा सरस होते. म्हणजे चार वेळा पायी चालून, दुकानात अपमान गिळून आणि सव्वा वर्ष डायरी लिहून मी वाचवले ते 720 रुपये. ज्यांच्याकडे स्वस्त सायकल आधीच आहे आणि जिची फ्रेम लोखंडी आहे, त्यांनी दुसरा एक्सल तुटायची वाट न पाहता मागचे चाक बदलावे आणि त्याआधी बोल्ट लावून खाचा तपासून घ्याव्यात, असे माझे आजचे मत आहे. ज्यांनी अजून घेतलेली नाही, त्यांनी 9,400 ची घेऊच नये. भाच्यासाठी मी 15,500 वालीच घेतली. दुकानात मागचे चाक काढून दाखवा म्हणालो, तेव्हा विक्रेता माझ्याकडे बघतच राहिला, पण त्याने ते काढून दाखवले.

वाकलेले आणि तुटलेले चारही एक्सल मी खिळ्यांच्या डब्यात ठेवले होते. त्यांतला एक मिस्त्री मागून घेऊन गेला. टायर उचकटायला तो बरा पडतो, असे तो म्हणाला.