व्हिटनी प्लँटेशन, लुइझियाना: आपल्या ऊसवाल्यांनी बघावंच असं म्युझियम
सांगली-मिरजेतनं पोराबाळांकडं अमेरिकेला जाणारी मंडळी आता बरीच झालीत, त्यातलं कोण न्यू ऑर्लिन्सकडं गेलं तर तिथनं गाडीनं तासाभरावर हे ठिकाण आहे, चुकवू नका. 1752 पासूनचा मळा, आधी नीळ मग ऊस, आणि 2014 ला त्याचं म्युझियम झालं. तिकडच्याच दुसऱ्या एका मळ्यावर आम्हाला मालकाचा बंगला आणि झुंबरं दाखवून वाटेला लावलं, राबणाऱ्यांचा विषय दोन वाक्यांत आटोपला. इथं सगळं गुलामांच्या बाजूनं सांगतात.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या बॉइलिंग हाऊसला, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या विभागात झाली, त्यामुळं पाय अडकले ते बिडाच्या काहिलींपाशी. आपल्या गुळाच्या काहिली उथळ, ह्या खोल, मोठीपासून लहानापर्यंत ओळीनं चुलवाणावर बसवायच्या आणि रस घट्ट होईल तसा लांब दांड्याच्या पळीनं एकीतनं दुसरीत उपसायचा, उकळता रस बरं का, आणि थंडीनं ऊस खराब व्हायच्या आत गळीत उरकायचं म्हणून रात्रंदिवस. भाजलं तर भाजलं! ह्यातनं वाट काढली ती नॉर्बर्ट रिल्यू ह्या न्यू ऑर्लिन्सच्याच कृष्णवर्णीय इंजिनिअरनं, 1843 चं पेटंट आहे, एका भांड्यातल्या वाफेवर पुढच्या भांड्यातला रस कमी दाबाखाली उकळायचा. आपल्या कारखान्यातलं इव्हॅपोरेटर, म्हणजे रस आटवायचं यंत्र, त्याच तत्त्वावर चालतं, पण त्या माणसाचं नाव आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.

मालकाचं घर दुमजली, खाली विटा, राहणं वर, पुढं लांब व्हरांडा. आगीच्या भीतीनं स्वयंपाकघर अंगणात वेगळं, म्हणजे ताटं घेऊन उन्हापावसात फेऱ्या कुणी मारायच्या ते ओळखाच. गुलामांची घरं सायप्रसच्या फळ्यांची, मधे धुराडं, दोन्ही अंगांना एकेक कुटुंब. तिथं मला सारख्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या आठवत होत्या. बरोबरी नाही होत, आपला तोडणीवाला उचल घेऊन येतो, विकला जात नाही, पण फडाच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली बाळंतीण झोपलेली ज्यानं बघितलीय तो तिथनं पटकन पुढं जाऊच शकत नाही.

दगडांवर लुइझियानातल्या एक लाखावर गुलामांची नावं कोरलीत, कितीतरी जणांचं नुसतं पहिलं नाव. त्याला वेळ ठेवा.

सावली कमी आहे, टोपी-पाणी न्या. इंग्लिश भराभर कळत नसेल तर ऑडिओ टूर घ्या आणि पोरांना सोबत ठेवा, थांबवून थांबवून समजून घेता येतं.