शंभर वर्षांच्या युद्धाचा बोर्ड गेम: द्यु गेक्लाँचं कार्ड सोडलं तर पैसे वसूल

आधीच सांगतो, गेमचं नाव घेत नाहीये, कंपनी लहान आहे आणि पुढे त्यांच्या एका कार्डावर मी बरंच तोंडसुख घेणारे. दोघांचा गेम आहे. शंभर वर्षांच्या युद्धातला फक्त 1364 ते 1380 एवढाच तुकडा घेतलाय आणि ते बेस्ट केलंय, कारण सगळं युद्ध एका डब्यात कोंबणारे गेम पहाट झाली तरी संपत नाहीत. एकाकडे फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स, दुसऱ्याकडे इंग्लंडचा तिसरा एडवर्ड आणि त्याचा मुलगा ब्लॅक प्रिन्स. 1360 च्या ब्रेतिन्यीच्या तहात फ्रान्सच्या नैऋत्येचा मोठा लचका इंग्लंडच्या घशात गेलेला, फ्रेंच खेळाडूने तो बाहेर काढायचा. आणि त्यासाठी हातात जो हुकमाचा पत्ता दिलाय तो म्हणजे फ्रेंच सेनानी बेर्त्राँ द्यु गेक्लाँ.

डब्यातल्या सामानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नकाशा छान जाड, टोकन पातळ, रूलबुकमध्ये वेढ्याचे नियम दोन वेगवेगळ्या पानांवर विखुरलेत त्यामुळे पहिल्यांदा खेळताना डोकं फिरतं. चित्रं मात्र मस्त. द्यु गेक्लाँ म्हणजे फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनीतल्या दिनान गावाजवळच्या एका साध्या सरदार घराण्यातलं पोर, साधारण 1320 चा जन्म, आणि क्युव्हेलिये नावाच्या कवीने त्याच्यावर जे भलंमोठं काव्य लिहिलं त्यात सरळ म्हटलंय की रेन ते दिनान एवढा कुरूप दुसरा कोणी नव्हता. चित्रकाराने त्याला हिरो बनवायचा मोह टाळलाय. चपटं नाक, रुंद खांदे, बाजूला उभ्या गोऱ्यागोमट्या राजपुत्रांमध्ये अगदी विजोड दिसतो.

सुरुवातीची कोशरेलची लढाई शिकायला एकदम परफेक्ट. 16 मे 1364, तीन दिवसांवर चार्ल्सचा रँसला राज्याभिषेक, आणि समोर चार्ल्सच्या वैऱ्याची, स्पेनच्या सीमेवरच्या नव्हार राज्याच्या राजाची फौज टेकडीवर ठाण मांडून बसलेली, सेनापती काप्ताल द ब्यूश, म्हणजे इंग्लंडच्या बाजूने लढणारा नैऋत्य फ्रान्समधला सरदार. टेकडीवर हल्ला केलात तर मेलात. म्हणून मागे हटायचं सोंग करायचं, समोरचा खाली उतरला की वळून तुटून पडायचं. काप्तालवाल्या खेळाडूला हे माहीत असतं तरी त्याला उतरावंसं वाटतं, कारण वेळेचे पॉइंट जात असतात! प्रत्यक्षातही फौज उतरली आणि काप्ताल कैद झाला.

पण गेमचा खरा जीव आहे खंडणीत. मोठा सरदार पकडला की तो मरत नाही, त्याचं टोकन समोरच्याच्या बोर्डावर जातं आणि सोडवायला पैसे मोजावे लागतात. या काळात द्यु गेक्लाँ दोनदा पकडला गेला. कोशरेलनंतर चारच महिन्यांनी, 29 सप्टेंबर 1364 ला ओरेच्या लढाईत त्याच्या बाजूचा, ब्रिटनीच्या गादीवर दावा सांगणारा शार्ल द ब्लोआ ठार झाला आणि हा इंग्लिश सेनापती जॉन चँडॉसच्या हाती लागला. मग सुटून भाडोत्री टोळ्यांना फ्रान्सबाहेर काढून स्पेनमध्ये घेऊन गेला, तिथल्या भावाभावांच्या भांडणात कास्तीयच्या एन्रिकेच्या बाजूने उतरला, आणि 3 एप्रिल 1367 ला नाहेराच्या लढाईत ब्लॅक प्रिन्सच्या तावडीत सापडला. तुझी किंमत तूच सांग म्हटल्यावर याने छाती फुगवून लाखाचा आकडा सांगितला आणि वर म्हणाला की फ्रान्समधल्या बायका सूत कातून पैसे जमवतील, ही गोष्ट जुन्या बखरकारांची, खरी किती ते सोडा, पण कार्डावर छापलीये आणि त्या वळणाला फ्रेंच खेळाडूची तिजोरी खरंच रिकामी होते.

याच्या उलटं कार्डही आहे. 1372 मध्ये सुबीझला काप्ताल पुन्हा सापडला तेव्हा चार्ल्सने त्याला कितीही पैसे दिले तरी सोडायचं नाही असं ठरवलं आणि तो 1376 मध्ये पॅरिसच्या कैदेतच मेला. हे कार्ड टाकलं की हातचे पैसे जातात पण इंग्लिश बाजूचा सगळ्यात कामाचा माणूस कायमचा बाद. माझा भाऊ इंग्लिश खेळत होता, त्याचा चेहरा बघायला हवा होता.

आता तक्रार. द्यु गेक्लाँच्या कार्डाला लढाईत 5 पॉइंट दिलेत, अख्ख्या गेममध्ये सगळ्यात जास्त, चँडॉसपेक्षा, ब्लॅक प्रिन्सपेक्षा पण जास्त! अरे ज्या माणसाला या दोघांनी मैदानात हरवून पकडलं त्याला त्यांच्या वरचे मार्क कशाचे? परिणाम काय होतो की नवीन फ्रेंच खेळाडू त्याला उचलतो, थेट समोरच्या मुख्य सैन्यावर सोडतो आणि फासे बरे पडले तर जिंकतो. याला काही अर्थ नाही. 2 ऑक्टोबर 1370 ला चार्ल्सने त्याला कॉन्स्टेबल, म्हणजे सगळ्या फ्रेंच फौजेचा सरसेनापती केलं, राजघराण्यातले लोक बाजूला ठेवून, ते असल्या झुंजींसाठी नाही. त्यानंतर त्याने काय केलं बघा. मुख्य सैन्याला टाळायचं, सुटी पडलेली तुकडी गाठायची, एकेक किल्ला वेढा घालून, पैसे चारून नाहीतर गावकऱ्यांना फितवून घ्यायचा. आपल्याला गनिमी कावा नवीन नाही त्यामुळे हे लगेच कळतं, डिझायनरला का कळलं नाही देव जाणे.

पाँव्हालँची लढाई घ्या, 4 डिसेंबर 1370. ऐन थंडीत रात्रभर दौडून त्याने बेसावध इंग्लिश तुकडी पकडली. गेममध्ये हिवाळ्यात हालचाल अर्धी होते, सगळ्यांचीच, त्याला सूट नाही, मग पाँव्हालँ घडणार कसं? 1373 मध्ये एडवर्डचा दुसरा एक मुलगा जॉन ऑफ गाँट कॅलेहून बोर्दोपर्यंत अख्खा फ्रान्स जाळत गेला, फ्रेंचांनी मोठी लढाई दिलीच नाही, पोचेपर्यंत भूक, थंडी आणि रोगराईने त्याच्या सैन्याची दैना झाली. हा भाग मात्र रसद संपण्याच्या नियमाने झकास जमवलाय, काही न करता बसून जिंकण्यात एवढी मजा असते हे मला इथेच कळलं.

शेवटचं कार्ड 13 जुलै 1380 चं, शातोनफ-द-रांदाँच्या वेढ्यात द्यु गेक्लाँचा मृत्यू. त्याला दिनानला पुरायचं होतं, पण उन्हाळ्यात मृतदेह टिकेना, म्हणून आतडी ल पुईला, मांस माँफेराँला, आणि राजाच्या हुकमाने हाडं साँ-दनीला राजांच्या शेजारी. दिनानला पोचलं फक्त हृदय. चारही जागा कार्डावर छोट्या छोट्या काढल्यात.

आम्ही घरचा नियम केलाय: लढाईत त्याला 5 ऐवजी 3, वेढ्यात 2 जास्त, आणि हिवाळ्यात एकदा पूर्ण हालचाल. गेम अर्ध्या तासाने लांबतो आणि इंग्लिश खेळाडूला किल्ले राखायला माणसं पुरत नाहीत, मग तो कुरकुरत मोठी लढाई मागत बसतो. द्यायची नाही.