निबंध तपासणारी ऑनलाइन सेवा : अर्जांचा हंगाम संपल्यावरचा अनुभव

लेकीच्या अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जांसाठी ही सेवा घेतली. अर्जासोबत स्वतःबद्दलचा निबंध द्यावा लागतो, तो हे लोक तपासून सुधारून देतात. माझं भांडण एकाच गोष्टीवरून आहे : यांना विनोद कळत नाही.

लेकीचा निबंध असा : आमच्या फोंड्याकडे देवळाच्या उत्सवात गावचीच माणसं नाटक करतात. लेक विंगेत प्रॉम्प्टर. ऐतिहासिक नाटक, संभाजीला वाक्य आठवेना, ही पुरवतेय ते त्याला पोचेना. पहिल्या रांगेतली आजी ओरडली, "अगो, व्हडल्यान सांग, ताका आयकूंक येना!" (मोठ्याने सांग, त्याला ऐकू येत नाही!) मांडव हसला. मग लेकीने हेरलं की हा अडला की कंबरपट्टा चाचपतो. हात तिकडे वळला की ती शब्द द्यायची. निबंध एवढाच.

पहिल्या तपासनिसाने आजीच उडवली. शेरा : "परदेशी वाचकाला कळणार नाही." आणि बदल्यात माझ्या तोंडी घातलं, "डॉक्टर नाही झालीस तर तोंड दाखवू नकोस." मी असं जन्मात बोललेले नाही! भारतीय आई म्हणजे हेच, असं ठरवून केलेला विनोद माझ्या मुलीच्या नावाने जाणार होता, आणि त्याचे पैसे मी भरायचे?

भांडून तपासनीस बदलून घेतली आणि माझं मत थोडं निवळलं. या बाईंनी आजी परत आणली, प्रॉम्प्टर म्हणजे काय ते आधी एका ओळीत सांगितलं. नटाच्या पोटावरचा विनोद काढला, कारण त्यात दुसऱ्याची टिंगल होती आणि लेक कुठेच दिसत नव्हती. कंबरपट्टा मात्र वाढवला. ६५० शब्दांची मर्यादा असताना हसू कुठे खर्च करायचं, हे त्यांना नेमकं कळतं.

पण पुढच्या फेरीचे वेगळे पैसे! जाहिरातीत "अमर्याद दुरुस्त्या". त्यावर लवकरच्या अर्जांची १ नोव्हेंबरची मुदत तोंडावर आली तरी "अमेरिकेत अजून वेळ आहे" म्हणून ताटकळत ठेवलं. कॉमन ॲपवर (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची वेबसाइट) मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेप्रमाणे रात्री ११:५९ ला संपते, म्हणजे आपली तिथल्या आधी. हे आम्ही त्यांना सांगायचं?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. तपासनीस निवडू देत असतील तरच पैसे भरा. आणि कॉमन ॲपवरचा मुख्य निबंध एका कॉलेजला पाठवल्यावरही पुढच्यासाठी बदलता येतो, तेव्हा "तातडीचा आकार", म्हणजे घाईने तपासून देण्याचे जादा पैसे, अजिबात देऊ नका.