इंग्रजी लेखनाच्या सरावासाठी ग्रामरली आणि लँग्वेजटूल

२००९ मध्ये सुरू झालेले ग्रामरली आणि मुक्तस्रोत (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) गाभ्यावर उभे असलेले लँग्वेजटूल ही दोन्ही साधने स्पेलिंग, विरामचिन्हे आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ यांतील चुका बऱ्यापैकी अचूक पकडतात. खरी कसोटी लागते ती ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांपाशी. कारण उल्लेखिलेली वस्तू वाचकाला आधीपासून ठाऊक आहे की नाही, यावर त्यांची निवड ठरते आणि दोन्ही पर्याय व्याकरणात बसत असतील, तर लेखकाच्या मनातला अर्थ साधनाला कळण्याची खात्री नसते. कर्मणी प्रयोगाला अनेकदा आक्षेप घेण्याची या साधनांची खोडही (शास्त्रीय लेखनात तो प्रयोग रूढ असताना) त्रासदायक वाटते.

साधनाने सुचवलेला बदल शिकणाऱ्याने लगेच स्वीकारण्याऐवजी अधोरेखित शब्दाची दुरुस्ती आधी स्वतः करून पाहावी आणि मगच सूचनेखालील स्पष्टीकरण वाचावे, अन्यथा मजकूर सुधारतो आणि लेखक आहे तिथेच राहतो. मोफत आवृत्त्यांना मर्यादा आहेत, तरी प्राथमिक सरावाला त्या पुरतात. गोपनीय मजकुरासाठी मात्र स्वतःच्या संगणकावर चालवता येणारे लँग्वेजटूलच मी निवडेन.