होस्टेलला डबा लावावा की मेस काढावी?

लातुरात नवं होस्टेल काढणाऱ्यांचं खोल्या, कॉट, गाद्या यांचं पटकन ठरतं. अडतं ते जेवणावर. मी पहिली तीन वर्षं बाहेरचे डबे लावले, आता चार वर्षं स्वतःची मेस चालवतोय. पोरं ४२, बहुतेक नांदेड, परभणी, हिंगोलीकडची, नीटच्या तयारीला आलेली.

डब्याची सोय मोठी आहे, हे आधी मान्य करतो. महिन्याचा दर ठरला की किराणा, भाजी, गॅस, बाई आली की नाही, सगळी काळजी डबेवाल्याची. पोरं गावी गेली की तेवढे डबे बंद. मेसचं तसं नाही. दिवाळीत दहाच पोरं उरली तरी मावशींचा पगार पूर्ण द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा. शिवाय अन्न सुरक्षेची नोंदणी, १९ किलोची कमर्शियल टाकी (घरची लाल टाकी इथे चालत नाही), मोंढ्यातून (धान्याच्या बाजारातून) डाळ-ज्वारी भरणं हे सगळं आपल्याच अंगावर. वेळा अमावस्या म्हणजे इकडचा शेतातल्या पूजेचा सण, त्या दिवशी तर मावशी शेतावर जाणारच. त्या दिवशी आमची मेस बंद. बरीच पोरं मित्रांच्या शेतावर भज्जी-आंबील खायला जातात, उरलेली माझ्या घरी जेवतात.

चवीचं म्हणाल तर डब्यात पोळी वाफेनं ओली व्हायची, भाकरी तर मिळतच नव्हती. पण तेवढ्यासाठी मी मेस काढली नसती.

मला नको झालं ते डबे धुणं. डबेवाल्याला डबा धुऊनच परत हवा असायचा. ४२ पोरं, दोन वेळा, प्रत्येकाचा चार पुडांचा डबा. क्लासला पळायच्या घाईत नळ पूर्ण सोडायचा, आमटीचा तेलकट थर निघेपर्यंत तो चालूच. भाताची शितं जाळीत अडकून मोरी तुंबायची, पाणी पॅसेजमध्ये यायचं. दुपारी दोनला वरची टाकी कोरडी, मग संडासाला पाणी नाही. अभ्यासाला आलेली पोरं बादल्या घेऊन खाली उभी राहिलेली मला बघवत नव्हती. डबे न धुता परत घ्या म्हणून बघितलं. त्यानं दर वाढवला, आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत खरकट्याचा वास खोल्यांत भरून राहायचा.

दुसऱ्या गावात हे कदाचित चालून गेलं असतं. पण लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे इथे आली, ते दिवस मी पाहिलेत. दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटरच्या आसपास पाणी होतं, आणि अख्खं शहर त्याची वाट बघत होतं. तेव्हापासून वाहता नळ दिसला की मला चैन पडत नाही.

मेसमध्ये ताटं एकाच ठिकाणी धुतली जातात. खरकटं आधी बादलीत झाडायचं, मग एका टपात साबणाचं पाणी, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात शेवटचं पाणी. ते शेवटचं पाणी परत पुढच्या ताटांच्या पहिल्या धुण्याला. मीटर लावून मोजलेलं नाही, पण एप्रिलमध्ये आठवड्याला दोन टँकर लागायचे तिथे आता बहुधा एकात भागतं.

प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. पंधरा-वीसच पोरं असतील तर डबाच बरा, मेसचा खर्च निघणार नाही. तीसच्या वर गेलात तर माझा कल मेसकडे. पोळ्या-भाकरीला वेगळी बाई ठेवा, एकीवर सगळं टाकू नका. आणि मावशी आजारी पडल्या तर दोन दिवस डबे देईल असा एक माणूस धरून ठेवा.

धुण्याची मोठी मोरी मात्र पोरं यायच्या आधी बांधून घ्या. मी ती चालू सत्रात बांधली, आणि ऐन चाचणी परीक्षेच्या आठवड्यात पोरांच्या डोक्यावर फरशी फोडण्याचा आवाज चालू होता.