"पिल्लू महिनाभर माझ्याकडं ठेवा" म्हणणाऱ्या ट्रेनरपासून सावध राहा

सोलापुरात कुत्रं पाळणारे वाढलेत तसे घरी येऊन "ठेवून घेतो, एकदम ट्रेन करून देतो" म्हणणारेही वाढलेत. असल्याच एकानं आम्हाला फसवलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचा लॅब्रेडोर शेरू तेव्हा अडीच महिन्यांचा होता. ट्रेनर म्हणाला, लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढायचं नसतं, तोवर माझ्या फार्मवर ठेवा, तिथं बाकीची कुत्री आहेत, आपोआप सोशलाइज होतंय, म्हणजे बाकीच्यांत मिसळायला शिकतंय, सिट, स्टे, शेक हॅन्ड सगळं शिकवून देतो. 18,000 ठरले, त्यातले 12,000 आधीच ऑनलाइन घेतले, पावती नाही. वर सांगितलं, "सर, मध्ये भेटायला येऊ नका, मालक दिसला की पिल्लू शिकलेलं विसरतंय." हे साफ खोटं आहे, उलट मालकालाच शिकवायला लागतं की कसं बोलायचं, खाऊ कधी द्यायचा.

व्हिडिओ मात्र भारी यायचे. एकदा बायकोनं व्हिडिओ थांबवून मोठा करून बघितला. शेरूच्या डाव्या पुढच्या पायाचं एक नख पांढरं आहे, आणि व्हिडिओत शेक हॅन्ड करणाऱ्या पंजाची सगळी नखं काळी! दुसऱ्याच कुणाचं तरी पिल्लू दाखवत होता. फोन न करता तसेच अक्कलकोट रोडला गेलो. फार्म कसलं, पत्र्याचं शेड, ऊन कसलं असतंय आपल्याकडं माहितीच आहे, आणि आत ओळीनं पिंजरे. शेरूच्या गळ्यात आतून खिळ्यांसारखे दात असलेली साखळीची कॉलर होती, मानेभोवती केस गेलेले, बारीक बारीक खपल्या धरलेल्या. कडी काढायला मी हात वर केला तर तो मागच्या जाळीला चिकटला आणि जागीच मुतला. आणि हा शहाणा म्हणतोय, "बघा सर, किती शांत झालाय."

तो शांतपणा नसतो, घाबरून गप्प झालेलं असतं ते. गुरगुरलं की हिसका बसतोय हे कळलं की कुत्रं गुरगुरणंच बंद करतं आणि पुढं मोठं झाल्यावर इशारा न देता थेट चावू शकतं. लहान पोरं असलेल्या घरात हे किती धोक्याचं आहे बघा.

पैशापेक्षा मला राग कशाचा आहे सांगतो. पिल्लू 3 आठवड्यांचं असल्यापासून साधारण 14 आठवड्यांपर्यंत नवीन गोष्टी सहज स्वीकारतं, नंतर तेच बघून बिचकायला लागतं. याच वयात त्याला रिक्षा, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस, म्हातारी माणसं, पावरलूमची खटखट, सगळं लांबून, खाऊ देत देत दाखवायचं असतं. आमच्या शेरूचे नेमके हेच दिवस त्या माणसानं पिंजऱ्यात घालवले. लसीचे डोस 16 आठवड्यांपर्यंत चालतात, म्हणजे सगळे डोस संपायची वाट बघितली तर ही वेळ निघूनच जाते, आणि त्याच भीतीवर याचा धंदा चालतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराच्या भीतीनं जिथं बाहेरची कुत्री घाण करतात तिथं खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन सात रस्त्यासारख्या गर्दीच्या चौकात उभं राहायला काय हरकत आहे, आणि लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याबरोबर घरात खेळू द्या.

आता शेरूला सोलापूरच्या पूर्व भागात, पावरलूमच्या वस्तीत, नेलं की लूमच्या आवाजानं शेपूट पोटाखाली जाते, जीभ सारखी ओठांवरून फिरते. मग आम्ही मागं सरकतो, तो चिकनचा तुकडा खाईल इतकं लांब थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादं पाऊल पुढं. सुधारतोय, पण गड्ड्यातल्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या, शोभेच्या दारूकामाची मला आत्तापासून धास्ती आहे.

जो ट्रेनर तुमच्यासमोर शिकवत नाही, जागा दाखवत नाही, कुठली कॉलर वापरतो ते सांगत नाही, त्याच्या हातात पिल्लू देऊ नका. पैसे दिले असतील तर चॅट, व्हिडिओ, पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. जनावराला मारहाण हा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, ते वेगळं. आमचे पैसे तो अजून देत नाही, फोनही उचलत नाही, म्हणून आम्ही आयोगात जातोय. त्या शेडमध्ये अजूनही पिंजरे भरलेले आहेत, तुमच्या ओळखीत कुणाचं पिल्लू अक्कलकोट रोडला "ट्रेनिंगला" असेल तर आजच न सांगता जाऊन बघायला सांगा.